गादीवरचा ढोल

ढोल शिकायचं कुमागाईने ठरवलं, तेव्हा त्याची बायको मित्सुयो "घरात नको" एवढंच म्हणाली. जपानमधल्या मोरिओका शहरातल्या त्यांच्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ, की शेजारी शिंकला की इकडे माणूस रुमाल शोधायचा. कुमागाई स्वतः पालिकेत दाखले देणारा कारकून. जन्मात त्याने जोरात आपटलेली एकच वस्तू, ती म्हणजे शिक्का.

वस्तीतलं टायको, म्हणजे जपानी ढोलांचं मंडळ चालवणाऱ्या ओनोदेराबाई भारी शिस्तीच्या. नवख्यांनी तोंडाने 'दोन-दोको' असे ढोलाचे बोल म्हणत हवेत काठ्या फिरवायच्या. ढोलाला हात लावायचा तो बाई म्हणतील तेव्हाच. पण उन्हाळी जत्रेत देवळापुढचा मोठा ढोल वाजवायला यंदा एक जागा रिकामी होती, आणि कुमागाईला ती हवी होती. फार हवी होती. मित्सुयोने आयुष्यात एकदा तरी आपल्याकडे डोळे विस्फारून बघावं, एवढीच त्याची इच्छा. (लग्नात तिने डोळे विस्फारले होते, पण केककडे बघून.)

आता सराव करायचा कुठे? एका सुट्टीच्या दिवशी मित्सुयोने बाल्कनीच्या कठड्यावर गाद्या वाळत टाकल्या आणि धूळ झटकायचं काम त्याच्या गळ्यात मारलं. कुमागाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो धावत जाऊन ढोलाच्या काठ्या घेऊन आला. गाद्या झोडणाऱ्या नवऱ्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

तक्रार राहिली बाजूला, कौतुकच सुरू झालं. समोरच्या वाकुईआजींनी आपली गादी पाठवली, मग वरच्या मजल्यावरून गाद्या आल्या, मग खालच्या. बायका नवऱ्यांना कुमागाईचं उदाहरण देऊ लागल्या आणि लिफ्टमध्ये पुरुषमंडळी त्याच्याकडे पाठ करून उभी राहू लागली. गादीत काठी रुतते, ती मनगटाला हिसका देऊन ओढावी लागते. तो हिसका कुमागाईने झोपेतसुद्धा जमेल इतका घोटला. पुढे ओनोदेराबाईंनीच त्याचे हवेतले हात बघून म्हटलं, "जोर आहे हो तुमच्यात. रविवारी देवळात या. ढोलावर बघू."

रविवारी अख्खी इमारत देवळाच्या अंगणात हजर. मित्सुयो पुढे, मांडीवर डबा घेऊन. कुमागाईने डोक्याला पट्टी बांधली, पाय रोवले, आरोळी ठोकली आणि सगळा जीव ओतून पहिला टोला हाणला.

गादी मुकाट्याने सोसते, ढोल उलट उत्तर देतो. ताणलेल्या कातड्याने काठी उसळवली, त्यात कुमागाईच्या मनगटाने सवयीचा हिसका दिला, आणि काठी थेट कपाळावर आदळली. दुसरी सुटली ती देवाला वाहिलेल्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, पिंपांमागे गेली. पण गडी हटला नाही. भोवळलेल्या डोक्याने त्याने ढोलावरून मायेने हात फिरवून धूळ झटकली आणि दुसरी बाजू झोडायची म्हणून तो उलटा करायला लागला.

मित्सुयो डोळे विस्फारून बघत होती.

ओनोदेराबाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "यंदा तुम्ही आरोळ्याच द्या. त्या चांगल्या देता."

कपाळावर टेंगूळ घेऊन कुमागाई देवळाच्या पायरीवर बसला. वाकुईआजी त्याच्यापाशी आल्या, टेंगूळ नीट निरखलं आणि मित्सुयोकडे वळल्या.

"किती कामाचा माणूस होता गं हा. या ढोलवाल्यांनी नादी लावून पार वाया घालवला. बर्फ लाव त्याला. उद्या ऊन आहे, माझ्या थंडीतल्या जाड गाद्या काढायच्यात."