एक हात राहिलाय

आमच्या शेजारच्या जगूकाकांच्या घरात खुर्च्या भरपूर, पण आलेल्या माणसाने बसायचं चिकूच्या उपड्या पेटीवर. कारण खुर्च्या सगळ्या लोकांच्या. काही डहाणूतल्या, काही तलासरीच्या, एखादी थेट उधव्याहून टेम्पोत बसून आलेली. त्यांचं जुनं पॉलिश उतरवायचं आणि नवं चढवायचं, हा काकांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

काका एसटीत ड्रायव्हर होते. लग्न केलं नाही. "झाईच्या रूटची गाडी सांभाळली, तेवढा संसार पुरे," म्हणतात.

लाकूड दिसलं की त्यांना बाकी काही दिसत नाही. मागे गल्लीतले एक आजोबा वारले. आम्ही दोघं भेटायला गेलो. घर गप्प. काकांनी शेजारच्या टेबलावरून बोट फिरवलं आणि असा काही उसासा टाकला की आजोबांच्या मुलाचे डोळे भरून आले. त्याने काकांचा हात धरला. काका त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "अरे, अस्सल सागवान, आणि वरून ऑइलपेंट फासलाय!"

बारावं झालं आणि टेबल काकांच्या ओटीवर आलं.

वेवजी गावच्या लक्ष्मणने भात ठेवायची जुनी पेटी दिली होती. ती परत गेली तेव्हा इतकी झकास झाली होती की त्याच्या बायकोने तीत साड्या ठेवल्या. भात आता प्लॅस्टिकच्या पिंपात असतो.

पण पेटी परत मिळेपर्यंत लक्ष्मणच्या चपला झिजल्या. काकांचं काम सुंदर, आणि संपता संपत नाही. आधी पॉलिश पेपरने घासणार. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपड्याची लाख कापडाच्या बोळ्याने फिरवणार, वाळवणार, परत फिरवणार. समुद्राच्या दमट हवेने पॉलिश पांढरं पडलं की हवेला गुजरातीत शिव्या देणार आणि पुन्हा पहिल्यापासून. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं : "उतावळ नको, भाई. एक हात राहिलाय."

आमच्या आईची हातांची खुर्चीही गणपतीनंतर त्यांच्याकडे गेली. मी दर रविवारी विचारायला जायचो. काका चिकूची पेटी पुढे सरकवायचे, चहा टाकायचे, गाडीत विंचू निघाला तेव्हाची गोष्ट सांगायचे. खुर्चीचा एक हात राहिलेलाच असायचा.

थंडीत आई न्हाणीघरात घसरली. वलसाडला खुब्याचं ऑपरेशन झालं. सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "खाली बसवायचं नाही. उंच, हातांची खुर्चीच द्या."

मी तडक काकांकडे गेलो. "काका, आई उद्या येतेय. पॉलिश अर्धवट असलं तरी चालेल, पण खुर्ची आजच द्या."

काका उठले. आतल्या खोलीत चादरीखाली खुर्ची होती. त्यांनी चादर ओढली. खुर्ची लखलखीत, कोरडी ठणठणीत. स्पिरिटचा वासही उरला नव्हता.

"ही तर कधीच झालीय!"

"दिवाळीत झाली."

"मग दर रविवारी मला काय सांगत होतात?"

"दर रविवारी तू येत होतास ना," काका चादरीची घडी घालत म्हणाले. "गाडीत पाटी असते बघ, चालकाशी बोलू नये. सगळी नोकरी पाठीमागे माणसं बोलायची, हसायची, भांडायची. आपण समोर बघायचं. आता खुर्ची देऊन टाकली की माणूस परत कशाला येईल?"

गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं आणि खुर्ची स्वतः उचलून आमच्या घरी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वलसाडहून येताना मी आईला ही गंमत सांगितली. ती हसली नाही.

संध्याकाळी काका दारात येऊन उभे राहिले. "बसायला नीट आहे ना, वहिनी?"

"बाकी छान आहे हो, भाऊजी," आई म्हणाली, "पण हा मागचा पाय जरा डुगडुगतोय."

मी वाकून पाय हलवून पाहिला. तसूभरही हलत नव्हता. तसं सांगायला तोंड उघडलं, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

काका जमिनीवर आडवे झाले. पायावर बोट फिरवलं, सांध्यावर टकटक केलं. मग मान वळवून आईकडे पाहिलं.

"हो," अखेर म्हणाले. "हलतोय खरा."

"मग?" आईने विचारलं.

"बघायला लागेल. एका दिवसाचं काम नाही."

"मग चहाच्या वेळेला येत जा," आई म्हणाली. "मीही घरात एकटीच बसलेली असते."

आता आई काठी घेऊन अंगणात फिरते. खुर्चीचा पाय अजून दुरुस्त होतोय.