सणाच्या दिवशी शिरो

मोठ्या उपवासाच्या काळात आसनाकेचबाईंना आपल्या होणाऱ्या सुनेत एकही खोट सापडली नव्हती. हिरुत मांस, अंडी, दूध, लोणी यांतल्या कशालाच शिवत नसे. तसं त्या दिवसांत अदिस अबाबात शेजारीपाजारीही कुणी शिवत नव्हतं. पण "माझी सून म्हणजे देवमाणूस," असं बाई गल्लीभर सांगत सुटल्या होत्या.

मग फासिका, म्हणजे ईस्टर उजाडला आणि उपवास सुटला. बाईंनी आदल्या दिवसापासून रांधलेल्या दोरो वत या तिखट रश्श्यातला कोंबडीचा मोठा तुकडा इंजेराच्या मऊ पोळीत गुंडाळला आणि कौतुकानं घास हिरुतच्या तोंडापाशी नेला.

"काकू, मला शिरोच वाढा."

"अगं, उपवास संपला!"

"उपवास नव्हताच तो. मी हे खातच नाही. कधीच."

सासूच्या हातचा घास परत गेला. हरभऱ्याच्या पिठाचं ते बिचारं शिरो कालपर्यंत भक्ती होतं, आज संशयास्पद ठरलं. कारण फासिकानंतर पन्नास दिवस उपवास करायला धर्माचीच मनाई आहे. आणि लग्न पुढच्या रविवारी होतं. कापायचा बैलसुद्धा दारात बांधलेला होता.

"आई, तिनं सोडलंय, बस्स!" मुलगा मिन्तेस्नोत वैतागला.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"स्वतःच्या."

"स्वतःच्या सांगण्यावरून कुणी दोरो वत सोडतं होय रे?"

प्रकरण एदिरपुढे गेलं. एदिर म्हणजे मयताला तंबू आणि भांडी पुरवणारं गल्लीचं मंडळ. बाकीच्या वेळी ते जिवंत माणसांवर लक्ष ठेवतं. अध्यक्ष आतो गेबेयेहू यांनी रीतसर विचार केला. मुलगी आजारी नाही, परधर्माची नाही, पगार बरा आहे. सबब, हे प्रायश्चित्त आहे.

"म्हणजे पाप?" बाई पुढे सरकल्या. "केवढं असेल हो?"

"नुसती कोंबडी सोडली असती तर चोरी म्हटलं असतं. पण लोणीही सोडलंय, बाई. मनाची तयारी ठेवा."

बाईंनी अंथरूण धरलं. लग्न मोडल्यातच जमा होतं. मिन्तेस्नोत जेवेना, हिरुत रडून रडून थकली. शेवटी डोळे पुसून ती बाईंच्या उशाशी येऊन बसली.

"काकू, खरं सांगते. झालंय एक पाप. जन्मभराचं प्रायश्चित्त आहे. याहून जास्त विचारू नका."

बाई ताडकन उठल्या आणि तिला पोटाशी धरून रडल्या. "एवढंच ना गं, वेडे? आधी नाही का सांगायचं!"

पन्नास दिवसांचा नियम प्रायश्चित्ताला लागत नाही, असं अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "पाप असेल तर हरकत नाही," ते म्हणाले. "पोरगी आपल्यातलीच आहे."

लग्न थाटात झालं. नवरीसाठी शिरोचं वेगळं पातेलं मानानं आलं आणि बाईंनी पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला.

ते पाप कोणतं असेल, याचे अंदाज गल्ली अजून बांधते आहे. हिरुतनं कोंबडी का सोडली, हे मात्र तिला एकानंही विचारलेलं नाही. आणि तुम्ही हसू नका. तुम्हीही आत्ता पापाचाच अंदाज बांधत होतात.