शकूरभाई लाइव्ह आहेत

कंपनीचा शंतनु पुण्याहून पिंपळगाव राजाला आला, तेव्हा शकूरभाई दुकानात बसून एका फवारणी पंपाचं वायसर बदलत होते. शंतनुनं खुर्ची ओढली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "शकूरभाई, बोला, लाइव्ह करायचं की पॉडकास्ट?"

"आधी चहा घ्या," शकूरभाई म्हणाले. या दोन्हींत फरक काय, हे त्यांना कुठं ठाऊक होतं!

शंतनुनं समजावलं. लाइव्ह म्हणजे फोनवर एक खोली उघडायची. शेतकरी तिच्यात येणार, ऐकणार, हात वर करून प्रश्न विचारणार आणि शकूरभाई तिथल्या तिथं उत्तर देणार. पॉडकास्ट म्हणजे आधीच बोलून ठेवायचं, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो ऐकेल. विषय एकच, कंपनीचं कपाशीचं नवं बीटी बियाणं 'गजगर्जना'.

आता यासाठी शकूरभाईच का? तर बावीस वर्षांचं त्यांचं कृषी केंद्र. जून लागला की आजूबाजूच्या गावांतली माणसं पाकिटावरचं चित्र पाहत नसत, शकूरभाईंचं तोंड पाहत. "भाई, कोणतं लावू?" एवढंच विचारत आणि भाई सांगतील ते घेऊन जात. बियाणं चुकलं की कपाशीवाल्याचं अख्खं वर्ष चुलीत जातं, त्यामुळे हा शब्द म्हणजे काही खायचं काम नव्हतं. शकूरभाईंची सगळी कमाई म्हणाल तर तेवढीच.

अडचण अशी की समोर माणूस उभा असला की शकूरभाईंना खोटं बोलता येत नसे. आणि गजगर्जना त्यांनी आदल्या वर्षी स्वतःच्या दोन एकरांत लावून पाहिली होती. बोंडं इतकी लागली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. फोडून पाहिली तर बोंडागणिक आत गुलाबी अळी आरामात बसलेली.

"नाही जमणार हे," ते म्हणाले.

"तुमची मर्जी," शंतनु गोड हसला. "फक्त आमच्या त्या दुसऱ्या बियाण्याचा तुमचा कोटा आहे ना, वरचे लोक विचारतील..." वाक्य अर्धवट सोडायचं शिक्षण त्याला कंपनीनंच दिलं असावं.

ते दुसरं बियाणं खरोखर चांगलं होतं. ते मिळालं नाही तर गिऱ्हाइकांना द्यायचं काय? शकूरभाईंनी विचार केला. लाइव्हमध्ये कोणी ना कोणी विचारणारच, भाई, तुमच्या वावरात काय झालं? यंत्र काही विचारणार नाही. दगडापेक्षा वीट मऊ.

"मंग थे बोलून ठेवाचंच करा," ते म्हणाले.

"लाइव्हला एंगेजमेंट जास्त असते पण."

"असू द्या. मले प्रश्नच नको."

मागच्या गोदामात खताच्या पोत्यांमध्ये बसून रेकॉर्डिंग झालं. "बोंडं कशी लागतात?" शंतनुनं विचारलं. "बोंडं इतकी की झाड वाकते," शकूरभाई म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. पुढचं सांगायचं राहिलं, म्हणजे त्यांनी राहू दिलं. शेवटी शंतनुनं त्यांच्याकडून "वा! फार छान प्रश्न" आणि "असेच विचारत राहा" हेही पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. कशाला, ते शकूरभाईंनी विचारलं नाही. तिथंच चुकलं.

पेरणीच्या तोंडावर एके दिवशी दुकानात ही गर्दी. तेवढ्यात नेहमीचे गिऱ्हाईक माणिकराव फोन कानाला लावून आत शिरले आणि शकूरभाईंना पाहून जागच्या जागी थिजले.

"भाई, तुम्ही इथं?"

"मंग कुठं राहू?"

"फोनमंधी तुम्ही लाइव्ह हाय ना! दोनशे मानूस ऐकून राह्यलं. आत्ता बोलून राह्यले तुम्ही!"

माणिकरावांनी आवाज मोठा केला. "नमस्कार शेतकरी बंधूंनो," शकूरभाई फोनमधून म्हणाले आणि गल्ल्यावरचे शकूरभाई तोंड उघडं ठेवून ऐकू लागले. शंतनुनं पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. लाइव्हची एंगेजमेंटही हवी आणि पॉडकास्टची सुरक्षितताही हवी, म्हणून त्यानं रेकॉर्डिंगच लाइव्ह म्हणून लावून दिलं होतं.

संग्रामपूरकडच्या कोणीतरी हात वर केला. "भाई, मागच्या साली बोंडअळीनं माह्या पाच एकरात काहीच ठेवलं नाही. उभी पऱ्हाटी उपटून फेकली."

"वा! फार छान प्रश्न," फोनमधले शकूरभाई म्हणाले.

"भाई, मी रडून राह्यलो अन् तुम्ही वा म्हणता?"

"असेच विचारत राहा."

दुकानातली माणसं खो खो हसली.  शकूरभाईंनी मात्र शंतनुला फोन लावला, तो उचलेना. मग त्यांनी माणिकरावांच्या हातातला फोनच ओढून घेतला, हात वर करायचं चित्र कुठंय ते विचारून दाबलं आणि नंबर लागताच ओरडले, "मी शकूर बोलतो! खरा शकूर! हे बियाणं लावू नका! माह्या वावरात अळी पडली होती!"

खोलीत एकच कालवा झाला. "कोण बे तू?" "भाईचं नाव घेऊन दुसऱ्या कंपनीचा मानूस घुसला!" "हाकला त्याले!" त्या गोंधळात फोनमधले शकूरभाई शांतपणे म्हणाले, "बोंडं इतकी की झाड वाकते." पाठोपाठ शंतनुचा आवाज आला, "मित्रांनो, शकूरभाईंच्या नावानं कोणी अफवा पसरवत असेल तर लक्ष देऊ नका." आणि खऱ्या शकूरभाईंना खोलीबाहेर काढण्यात आलं.

"तुमच्या पायी मले बी हाकललं," माणिकराव फोन पुसत म्हणाले. "जाऊ द्या. चार पाकिटं द्या गजगर्जनाची."

"आत्ता तुमच्यासमोर ओरडलो ना, लावू नका म्हणून!"

माणिकरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "समजलो भाई. माल दाबून ठेवाचा हाय. पर आपल्या मानसाले तं द्या."

आता याला काय म्हणणार? आमच्या भागात जून महिन्यात दुकानदार एखाद्या बियाण्याला "चांगलं नाही" म्हणाला, की ते मागच्या दारानं चढ्या भावात जाणार, हे शेंबडं पोरही ओळखतं. कित्येक दुकानदारांनी हे शिक्षण फार मेहनतीनं दिलेलं आहे. शकूरभाईंनी शपथा घेतल्या. जितक्या शपथा, तितका लोकांचा संशय पक्का. शेवटी माल असून देत नाहीत म्हणून कोणीतरी कृषी अधिकाऱ्याकडे तक्रारीची भाषा केली आणि संध्याकाळच्या आत गजगर्जनाचं शेवटचं पाकीट गेलं.

ऑक्टोबरात व्हायचं तेच झालं. माणसं फोडलेली बोंडं घेऊन आली आणि एकेक करून गल्ल्यावर मांडू लागली. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"मी नाही म्हटलं होतं तुमाले," शकूरभाई म्हणाले.

"हाव," माणिकराव म्हणाले, "तोंडानं नाही म्हटलं, फोनमंधी हो म्हटलं. थो आवाज बी तुमचाच व्हता. आमी कोणत्या शकूरभाईचं ऐकाचं?"

 शकूरभाई जेवायला घरी गेले तेव्हा त्यांची बायको राबियाबी ताट वाढता वाढता म्हणाल्या, "आवाज बेच दी थी न जी तुमने. साथ में ज़बान भी चली गयी." दुपारी शंतनुचा फोन आला. जिल्ह्यात सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज म्हणून कंपनी त्यांना प्रशस्तिपत्रक देणार होती.

पुढचा जून आला. माणसं सवयीनं दुकानात येत, सवयीनं विचारत, "भाई, कोणतं लावू?" शकूरभाई चांगल्या पाकिटावर बोट ठेवत आणि माणूस हसून दुसरं उचले. दुसरं म्हणजे गजगर्जना. कोट्याबरोबर कंपनीनं तेही गळ्यात मारलं होतं, या खेपेला पाकिटावर 'सुधारित, अळीमुक्त' असं छापून. तीन दिवस शकूरभाई खरं बोलून लोकांना खड्ड्यात ढकलत राहिले. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, उलटंच बोलून पाहावं.

त्याच दिवशी माणिकराव आले. शकूरभाई छातीवर हात ठेवून म्हणाले, "गजगर्जना न्या, माणिकराव. याच्यासारखं बियाणं नाही. अळी जवळ फिरकत नाही." तेवीस वर्षांत समोरच्या माणसाशी बोललेलं हे पहिलं धडधडीत खोटं. माणिकराव मिशीत हसले आणि चांगलं बियाणं घेऊन गेले. शकूरभाईंना वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटलं. माणूस वाचला तर खोटंही पुण्याचं. आता असेच एकेकाला वाचवत सुटायचं, असं ते मनात म्हणत होते.

"भाई, दोन पाकिटं मले बी द्या," मागून आवाज आला.

पोत्यांच्या आडोशाला भिमाबाई उभी होती. एकटी बाई, चार एकर कोरडवाहू, आणि तिच्याकडे असला फोन नव्हता. गेल्या साली त्या लाइव्हच्या आधीच येऊन तिनं भाईंच्या शब्दावर बियाणं नेलं होतं आणि तिला बरं पिकलं होतं. तिच्या हातात गजगर्जनाची दोन पाकिटं होती.

"थे ठेवा, भिमाबाई," शकूरभाई घाईनं म्हणाले. "थे नका नेऊ. हे न्या."

"काऊन? आत्ता तं माणिकरावले सांगितलं, याच्यासारखं बियाणं नाही म्हणून."

"थे त्याच्यासाठी होतं."

"अन् हे माह्यासाठी?"

"हाव."

भिमाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग कधी नव्हे ते तिनं पाकिटं उलटसुलट करून पाहिली, जणू त्यांवर काही वाचता येणार होतं. तिनं दोन्ही पाकिटं गल्ल्यावर नीट ठेवली.

"मले वाचता येत नाही, म्हणून तं तुमच्याकडं येत होतो, भाई," ती म्हणाली. "राहू द्या. खामगावले जाऊन पाहतो. तिथं कोणी तरी साऱ्याइले एकच गोष्ट सांगत असंन."

शकूरभाई पायरीपर्यंत धावले. "भिमाबाई! खरं सांगून राह्यलो मी!"

रस्त्यावरची दोन माणसं एकमेकांकडे पाहून हसली. भिमाबाई थांबली नाही.