झोपून पारखलेलं गवत

गवत चांगलं की वाईट, हे लोक हातात घेऊन, हुंगून, फार तर एखादी काडी चावून ठरवतात. वेवजीचे रमणकाका त्यावर झोपून ठरवायचे.

कासाजवळ माझी गवताची वखार आहे. दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात एका दुपारी काका पहिल्यांदा आले. डोक्याला वरातीतला विटका फेटा, खांद्यावर घोडीचा रिकामा तोबरा. मला वाटलं, भाव विचारतील. त्यांनी चपला काढल्या, एक गंजी निवडली, वर चढले आणि आडवे झाले. पाच मिनिटांत घोरू लागले. मी मुळात फटकळ. ओरडून उठवलं.

"बेन, जरा थांब ना," मला गुजरातीत बहीण करून, डोळे न उघडता ते म्हणाले. "अजून सपान पडलं नाय."

काकांकडे शेवंती नावाची पांढरी घोडी होती. तलासरीपासून पार गुजरातेतल्या गावांपर्यंत नवरदेव मिरवून ती म्हातारी झाली होती आणि तिला दम लागायचा. गवतात धुरळा असला की खोकून खोकून बेजार. गवत चुकलं तर ही घोडी हिवाळा काढणार नाही, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ही झोपेची परीक्षा.

"बुरशी असली तर मला खोकला येणार," काका समजावत. "आतून ओलं असलं तर पाठ गरम होणार. काडी मला टोचली तर तिच्या तोंडाला पण टोचणार. ज्याच्यावर माणसाला झोप नाय, ते घोडीला पचत नाय."

म्हणणं खोटं नव्हतं.

भाताच्या पेंढ्याकडे ते बघतसुद्धा नसत. "ते म्हशीचं काम." हरभऱ्याची चंदी भिजवायची ती स्वतःच्या हातानं, आणि आधी चार दाणे आपण खाऊन. लग्नात कोणी कौतुकानं शेवंतीपुढे जिलबी धरली की काका मध्ये उभे राहायचे. "घोडी वरातीला आलीय, जेवायला नाय!"

मग दर रविवारी जीपने येऊ लागले. दुपारी वखारीत ऊन तिरपं आत यायचं, त्यात गवताची कुसं तरंगत असायची आणि काका गंजीवर पडलेले. हळूहळू आम्हीही त्या वेळी हळू आवाजात बोलायला लागलो. जागे झाले की निकाल. "एकदम सरस! शेवंती आली, खाल्लं, मान हलवून गेली." मग भारा जीपच्या टपावर. स्वप्नात घोडी आली नाही, तर गवत नापास.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र काकांना काही पसंतच पडेना. यायचे, तास तास झोपायचे, उठून म्हणायचे, "हे नको." सलग सात रविवार! घोडं नेमकं कुठे पेंड खातंय तेच कळेना. शेवटी माझा तोल सुटला.

"अहो, तुमच्या नखऱ्यापायी ती घोडी उपाशी मरेल!"

काका सावकाश खाली उतरले. चपला पायात सरकवत म्हणाले, "शेवंती दसऱ्यालाच गेली, बेन. खोकून नाय हां. वयानं गेली. निवांत, खाता खाता."

"मग येता कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"घरी सपान पडत नाय. इथं पडतं. ती येते, खाते, मान हलवते." फेट्यात अडकलेली काडी काढून त्यांनी ती बोटांत फिरवली. "पण सरस आहे म्हटलं, तर भारा न्यावा लागेल. नेऊन घालू कोणाला?"

मला माझ्या जिभेची इतकी लाज कधी वाटली नव्हती. उगाच एका भाऱ्याची दोरी घट्ट करत मी म्हटलं, "काका, सायवन गावचं गवत उतरतंय या आठवड्यात. रविवारी झोपून बघा."

ते जीपकडे निघाले. अर्ध्या वाटेवर थांबून वळले.

"येतो. पण मला लगेच पसंत पडत नाय हां, बेन."

"घाई कोणाला आहे?" मी म्हटलं.