पोरीचा नंबर

"डॉक्टर, पोरीचा नंबर काढा. जरा चांगला जाडजूड काढा," असं म्हणत भागवत श्रीनाथच्या चष्म्याच्या दुकानाची पायरी चढला. त्याच्या मागं खाली मान घालून त्याची लेक सुकन्या उभी होती. भागवत शिरूर अनंतपाळकडचा शेतकरी. पोरीला डॉक्टर करायचं म्हणून यंदाच लातूरला क्लासला घातलेली.

"मी डॉक्टर नाही. आणि आधी तपासू. असला तर काढू," श्रीनाथ म्हणाला.

"असला तर म्हंजे? असलाच पायजे! त्यो बोर्ड बघा की." समोर एका क्लासनं पास झालेल्या पोरांच्या फोटोंचा भला मोठा बोर्ड लावला होता. "बिनचष्म्याचं एक तरी लेकरू हाय का त्याच्यात? चष्मा लागल्याबिगर अभ्यास झाला म्हणावं कसं?"

"बरोबर आहे तुमचं," दारातल्या खुर्चीवरून अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे श्रीनाथचे वडील रेणुकादास. दुकान त्यांनीच उभं केलेलं. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी ते बरोबरच असतं, यावर त्यांचा उभा जन्म गेला होता.

श्रीनाथनंही अर्धा जन्म असाच काढला होता. डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी यायची, श्रीनाथ काच घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा आणि गिऱ्हाइकाच्या कानावर चढवायचा. चिठ्ठी दुसऱ्यानं लिहायची आणि काच आपण घासायची, हे चाळिशीच्या आसपास त्याला सोसेनासं झालं. डोळा आत नेमका चालतो कसा, ते शिकायचंच म्हणून तो नांदेडला कॉलेजात गेला. पहिल्याच दिवशी मॅडम वर्गात आल्या आणि त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "पालकांनी कृपया बाहेर थांबावं." आणि श्रीनाथ सवयीनं बाहेर जाऊन थांबलादेखील.

पण पुढं ती वर्षं मोठ्या मजेत गेली. निम्म्या वयाची पोरं त्याला काका म्हणायची. मुग्धानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लातूरहून बांधून दिलेले धपाटे नांदेडच्या बसस्टँडवरच पळवायची आणि परीक्षेआधी त्याच्याच खोलीवर अभ्यासाला जमायची. संध्याकाळी सगळे गोदावरीच्या घाटावर बसून एकमेकांना डोळ्याच्या नसा विचारत. अजूनही दुपारच्या रिकाम्या वेळी श्रीनाथला तो घाट आठवला की काउंटरवर बसल्या बसल्या हसू फुटे. परत आल्यावर त्यानं जुन्या पाटीखाली नवी पाटी लावली: 'ऑप्टोमेट्रिस्ट', म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा. समोरच्या चहावाल्या दयानंदनं ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि तेव्हापासून तो श्रीनाथला हाक मारू लागला, "ओ ऑप्टोमिस्त्री, चहा पाठवू का?"

श्रीनाथनं सुकन्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. उजळलेल्या अक्षरांच्या फळ्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा तिनं धडाधडा वाचली. मग उजेडाची रेघ डोळ्यावर हलवत त्यानं विचारलं, "डोकं कधी दुखतं?"

"दुपारनंतर. अक्षरं पळतेत."

"झोपतेस किती?"

तिनं नुसतंच हसल्यासारखं केलं.

"डबा खातेस का?"

"येतो की डबा."

"येतो ते कळलं. खातेस का?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"खोलीतून लांबचं काय दिसतं तुला?"

"समोरच्या हॉस्टेलची भिंत."

"आणि गावाकडं?"

अंधारातसुद्धा पोरीचा चेहरा उजळला. "आमच्या माळावरनं न्हवं का, पार घरणीच्या धरणापस्तोर दिसतं! संध्याकाळी बगळे बी मोजता येतेत." मग तिनं हळूच विचारलं, "काका, तुमचा लागला व्हता का नंबर? डॉक्टरकीला?"

"नाही गं. दोन वर्षं बसलो. नाही लागला."

"मग?"

"मग अण्णांच्या शेजारी बसलो."

सुकन्या पहिल्यांदा खळखळून हसली. श्रीनाथलाही बरं वाटलं. तिला घेऊन तो बाहेर आला आणि भागवतला म्हणाला, "डोळे ठणठणीत आहेत. सारखं जवळचं बघून शिणलेत, एवढंच. अधूनमधून लांब बघायचं, झोप घ्यायची, डबा संपवायचा. नंबर काही नाही."

भागवतचा चेहरा पडला. "थोडाबी न्हाई?"

"थोडासुद्धा नाही."

"वरच्या मोठ्या डॉक्टरकडं नेल्यावर निघंल का?"

"कुणाकडंही न्या. नाही निघणार."

अण्णांना हे बघवेना. त्यांनी श्रीनाथला कोपऱ्यात घेतलं. "अरे, साधी काच दे ना बसवून! माणूस शिरूरवरून आलाय, रिकाम्या हातानं लावून देतोस? माहूरला आपल्याकडून एक तरी माणूस रिकामा गेला होता का?"

माहूर म्हटलं की श्रीनाथ विरघळायचाच. यात्रेत गडाच्या पायथ्याशी अण्णा सतरंजीवर चष्म्यांचा ढीग ओतायचे. म्हाताऱ्या बायांपुढं खडे मिसळलेले तांदूळ ठेवायचे. ज्या चष्म्यातून खडे दिसतील तो चष्मा तिचा. लांबचं बघायला वर रेणुकामातेच्या देवळाचं शिखर होतंच. "दिसलं का शिखर? मग तुमचा नंबर लागला!" म्हातारा तिथूनच हात जोडायचा आणि चष्मा लावून हसत पुढं जायचा. काय दिवस होते! पण श्रीनाथला त्यातला एक म्हातारा कधी विसरता आला नाही. ढिगातले सगळे चष्मे लावून झाले तरी त्याला शिखर दिसेना. शेवटी अण्णा त्याला म्हणाले, "बाबा, आज धुकं आहे." ऊन तर लख्ख पडलं होतं. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यामागची नस सुकत आली असणार, हे श्रीनाथला कळलं ते पार नांदेडच्या वर्गात, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं.

"नको, अण्णा," तो एवढंच म्हणाला.

भागवत तणतणत पायरीवर गेला आणि तिथूनच त्यानं बायकोला फोन लावला. गावाकडं रेंज कमी, म्हणून इकडून आवाज जास्त. "अगं केवळा, न्हाई म्हणतेत! पोरीचा नंबर न्हाई लागणार! हाव, मशीनमधी डोळा घालून बघितलं की! कुठंबी न्या, न्हाईच निघणार म्हणतेत!"

दयानंदच्या टपरीवर पोरांचा क्लास सुटण्याची वाट बघत उभ्या असलेल्या आई-बापांच्या हातातले कप जागच्या जागी थांबले.

दुसऱ्या दिवशी मुग्धानं शटर वर केलं तर पायरीवर रांग. "अहो, बघा तरी," तिनं आत हाक मारली, "तुमच्या डिग्रीला गिऱ्हाईक आलं!" श्रीनाथला भरून आलं. लोकांना अखेर कळलं म्हणायचं.

पहिल्या होत्या शिवकांताबाई. मुलगा राघवेंद्र सोबत. "सर, ह्याचा नंबर कितवा, तेवढं नीट बघा हो," त्या म्हणाल्या. 'किती'ला 'कितवा' म्हणाल्या असतील, असं समजून श्रीनाथनं मुलाला तपासलं आणि सांगितलं, "उजव्याला मायनस एक, डाव्याला मायनस दीड."

शिवकांताबाई मटकन खाली बसल्या. "मायनसमधी? अरे मेल्या, सगळेच चुकीचे सोडवायलास का? सर, उजवं म्हंजे फिजिक्स का केमिस्ट्री?"

"उजवा डोळा. आणि नंबरात थोडा सिलिंडरही आहे."

"सिलिंडर!" बाई पोराकडं वळल्या. "रूमवर स्वैपाक करत बसतोस व्हय रे अभ्यास सोडून?"

घोटाळा काय झालाय ते ध्यानात आल्यावर श्रीनाथ बाहेर पायरीवर आला आणि हात जोडून ओरडला, "लोकहो, मी चष्म्याचा नंबर काढतो! परीक्षेचा मला काही कळत नाही! मी ज्योतिषी नाही!"

मग दयानंद गंभीरपणे म्हणाला, "खरी ईद्या असल्याला माणूस असंच म्हणतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी पायरीवर नारळ फोडला. खोबरं वाया जाऊ नये म्हणून मुग्धानं त्याचे तुकडे करून ताटकळलेल्या पोरांना वाटले. झालं, दुपारपर्यंत तिथं प्रसादही मिळतो, अशी बातमी पार रेल्वे स्टेशनपर्यंत गेली.

संध्याकाळी एका क्लासचा मॅनेजर आला. "साहेब, हे काय लावलंय तुम्ही? ज्याला नंबर नाही म्हणता ते पोरगं पुस्तक मिटून बसायलंय. तुमचं आमचं दोघांचंबी भलं होईल असं करा. सगळ्यांनाच नंबर आहे म्हणा. अख्खी बॅच तुमच्याकडं पाठवतो. घाला सगळ्यांना चष्मे."

श्रीनाथनं धास्तावून अण्णांकडं बघितलं. एवढं गिऱ्हाईक अण्णांनी माहूरच्या यात्रेतही बघितलं नसेल. अण्णा काठी टेकत उठले. "तुमच्यासाठी चहा सांगितलाय," ते मॅनेजरला म्हणाले. "समोर टपरीवर. तिथंच जाऊन घ्या." तो गेल्यावर श्रीनाथ बघतच राहिला, तेव्हा अण्णा पुटपुटले, "एकाला साधी काच देणं ही समजूत झाली रे. सगळ्या गावाला दिली, तर तो दरोडा."

तिसऱ्या दिवशी रांग अजून वाढली आणि तिला मधोमध चिरत भागवत आला. सुकन्या सोबत होती. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले.

"काय केलंत हो डॉक्टर माझ्या लेकराचं?" भागवतचा आवाज फाटला होता. "हॉस्टेलच्या पोरी म्हणायल्यात, त्या मशीनवाल्यानं तुझं न्हाई म्हणून सांगितलं. पोरगी पुस्तक उघडंना झालीय! चष्मा न्हाई लागत तर न्हाई, पर असं कसं म्हणलाव तुमी?" त्यानं खिशातलं वर्तमानपत्र काढून काउंटरवर आपटलं. क्लासची जाहिरात, बारीक अक्षरात पोरांची नावं. "ह्याच्यात हिचं नाव बघायचं सपान हाय माझं. वाचा की!"

श्रीनाथ म्हणाला, "तुम्हीच वाचून दाखवा."

भागवतनं पेपर उचलला, हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब नेला आणि मान इतकी मागं टाकली की मागं उभ्या माणसाची टोपी पडली. "हे... लई बारीक छापायलेत आजकाल," तो म्हणाला.

श्रीनाथला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी पोरीचे डोळे तपासताना, तिला घेऊन येणाऱ्याच्या डोळ्यांकडं त्यानं बघितलंच नव्हतं.

"बसा इथं," तो म्हणाला. "काढतो नंबर. तुमचा."

"माझा? मला काय परीक्षा द्यायची हाय?"

"बसा तर."

तपासणीची ती जड गोल फ्रेम भागवतच्या नाकावर बसली. श्रीनाथनं खोबणीत एक एक काच टाकली, काढली, बदलली. "आता?"

भागवतनं पेपर जवळ घेतला आणि एकदम ओरडला, "आरं तिच्या! सगळं लिव्हल्यालं हाय की इथं!" एक नाव वाचलं, दुसरं वाचलं. मग लेकीला दाखवावं म्हणून तो खेटून बसलेल्या सुकन्याकडं वळला आणि पेपर त्याच्या हातात तसाच राहिला.

तो बघतच होता. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालाची वर आलेली हाडं, ओठाला पडलेल्या चिरा.

"सुकन्ये," तो म्हणाला, "तू एवढी वाळलीस कवा गं?"

"लई दिस झाले, बापू."

"अन् मला कसं दिसलं न्हाई?"

"चाळिशी लागलीय तुम्हाला," श्रीनाथ हळू आवाजात म्हणाला. "लागते सगळ्यांनाच."

भागवतनं फ्रेम काढली, डोळे पुसले, परत लावली, परत लेकीकडं बघितलं. मग उठला. "चल. सामान घे."

"आन् क्लास?"

"क्लास काय पळून जायलाय? आठ दिस आईच्या हातचं खा, माळावर बस, झोप. मग सोडतो आणून."

श्रीनाथनं बसवून दिलेला चष्मा लावून, एका हातात पोरीची पिशवी आणि दुसऱ्या हातात पोरीचा हात धरून भागवत बाहेर पडला. रांगेनं ते दृश्य बघितलं आणि रांगेत कुजबुज पसरली. "घरी न्यायलाय!" "गाशा गुंडाळला पोरीचा!" "एका झटक्यात निकाल!" मागच्या मागं एकेक जण सटकू लागला. आपल्या लेकराचं असलं काही ऐकायची कुणाचीच छाती नव्हती. दयानंदचा चहा गाळून होईपर्यंत पायरीवर चिटपाखरू उरलं नाही.

"गेली सगळी विद्या," मुग्धा कपाळाला हात लावून म्हणाली. पुढचे आठ दिवस त्या पायरीकडं कुणी फिरकलं नाही. अण्णा खुर्चीत बसून रस्ता बघत, श्रीनाथ काचा पुसत बसे, आणि दोघं माहूरच्या गोष्टी काढत.

मग एका सकाळी दारात जीप थांबली. आधी सुकन्या उतरली. चेहऱ्यावर तकाकी, हातात घरचा डबा. तिनं श्रीनाथला लांबूनच हात केला आणि क्लासच्या वाटेनं पळाली. तिच्या मागून भागवत उतरला, नाकावर चाळिशी. आणि त्याच्या मागून गावातली इतकी म्हातारी-कोतारी माणसं उतरू लागली की जीपमध्ये मावली कशी, याचंच नवल.

दयानंद धावत पुढं आला. "मामा, पोरं कुठायत? नंबर कुणाचा बघायचा?"

"पोरं ऱ्हाऊ द्या निवांत," भागवत ऐटीत म्हणाला. "हे डॉक्टर पोरांचा नंबर न्हाई सांगत. आई-बापाचा सांगतेत."

अण्णा लगबगीनं उठून एकेकाला आत घेऊ लागले. पहिले बसले सिद्रामप्पा. श्रीनाथनं नांदेडला शिकवल्याप्रमाणं रीतसर विचारलं, "काय त्रास होतो तुम्हाला?"

"त्रास काईबी न्हाई," सिद्रामप्पा म्हणाले. "सून रोज म्हणते, नातू खात न्हाई, पार काटकी झालाय. मला तर चांगला गुटगुटीत दिसतो. भागवत म्हणला, एकदा तुमच्याकडनं बघून घ्या." त्यांनी फेटा मांडीवर काढून ठेवला आणि चेहरा पुढं केला. "बघा बरं, दोघांत कोण खोटं बोलतंय, मी का सून?"

श्रीनाथनं खोलीतला दिवा मालवला आणि फळा उजळला.