आत्ताच गेलं जी!

डोमाजीभाऊंच्या गावात सगळं आत्ताच गेलेलं असतं. वाघ आत्ताच गेला, सारस आत्ताच उडाला आणि ज्याच्यासाठी मी नागपूरहून तीन बस बदलून आलो ते पाणमांजर तर हमखास आत्ताच गेलेलं.

आरमोरीच्या पुढे, धानाच्या बांध्या संपतात तिथे हा जुना तलाव आहे. कमळं, लव्हाळा आणि हिवाळ्यात बदकांचा नुसता बाजार. मोहर्लीच्या जंगलात वाघ पाहूनही पोट न भरलेली हौशी मंडळी इकडे वळतात आणि डोमाजीभाऊंकडे उतरतात, कारण गावात उतरायला दुसरं घर नाही. साठी उलटलेले, काटकुळे, डोक्याला कायम कानटोपी. भाऊ खोली देतात, जेवू घालतात आणि तलाव दाखवतात. म्हणजे पाणी दाखवतात.

पहिल्या दिवशी आम्ही सकाळी सहाला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर पोचलो. भाऊंनी कपाळावर हात मारला.

"आत्ताच गेलं जी! पाच मिनटं पयले याले पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी पाचला गेलो. "आज त्याले घाई होती," म्हणाले आणि पुरावा म्हणून एक ओला दगड दाखवला. "पाहा, अजून सुकला नाई." दगड खरंच ओला होता. भाऊंच्या हातातला लोटा रिकामा होता. मी दगडाचे दोन फोटो काढले. गळ्यात नवीकोरी दुर्बीण अडकवून ओल्या दगडाचे फोटो काढणारा माणूस कोणत्या तोंडाने बोलणार?

माझ्याआधी एक डॉक्टर जोडपं चार दिवस राहून गेलं होतं. जाताना त्यांनी मोबाइलवर अभिप्राय टाकला, 'प्राणी नाहीत. भात उत्तम.' भाऊंनी तो मला 'उत्तम'वर बोट ठेवून मोठ्या अभिमानाने वाचायला लावला.

बोलणं मात्र अखंड. स्वतःच्या लग्नात बैल कसा बिथरला आणि वरात धानात कशी शिरली, हे मी दोन दिवसांत तीनदा ऐकलं. ऐकणारा जांभई देऊ लागला की भाऊ त्याच्या ताटात आणखी भात वाढतात. तोंड भरलेला माणूस उठत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलंय.

त्या दुपारी वैतागून मी पिशवी भरली.

"बस त आत्ताच गेली जी," भाऊ म्हणाले.

मी पिशवी दाराशी टेकवून ताटावर बसलो. वरण कालवतोय तोवर बाहेर हॉर्न वाजला. बस आली, थांबली, गेली.

"थे दुसरी होती," भाऊ वाढता वाढता म्हणाले.

"दुसरी बस आहे?"

"नाई."

तिसऱ्या पहाटे मी त्यांना न सांगता, तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला, गुडघाभर काळ्या चिखलात गेलो. तिथे शेजारच्या शेवंताबाई जाळं साफ करत होत्या. पाणमांजराचं विचारल्यावर त्यांनी नुसती हनुवटी उडवली. "थे काय, जांभळीखाली. रोज सकाळी राह्यते."

तीन होती! दोन चिखलात लोळत होती, तिसरं मासा डोक्याकडून कराकरा खात होतं. मी अर्धा तास श्वास रोखून पाहिलं. मग रागच आला.

"भाऊंना हे माहीत नाही?"

"त्यायलेच त पयले मालूम! पर दाखोलं का लोकं त्याच दिवशी जाते ना जी. त्यायची बाई वारल्यापासून घरी बोलाले कोनी नाई."

परतताना भाऊंना सुनवायचं म्हणून चांगलं झोंबणारं काहीतरी जुळवत होतो. ते जुळेना. मला फार वाईट वाटत होतं आणि दोन दिवस दिलेल्या जांभयांची लाज वाटत होती.

भाऊ ओट्यावर उभे होते. माझी भरलेली पिशवी दाराशीच होती. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठी गेले होते जी? काई... दिसलं का?" इतक्या बारीक आवाजात ते कधी बोलले नव्हते.

"काही नाही दिसलं, भाऊ. उद्या बघू."

त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. माझी पँट गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने भरली होती. तसला चिखल फक्त त्या जांभळीच्या टोकाला आहे.

"बसा जी," शेवटी ते म्हणाले. "पाय धुवाले गरम पानी देतो."