फोटोतला सातवा माणूस

'आज सोमवार' असं कुणी सहज म्हटलं, तरी भोयर सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "कोनं सांगतलं?" कॅलेंडर दाखवलं, तर म्हणायचे, "अन् हे पान कोनं पलटवलं?" आमच्या वर्ध्याच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे आणि मी गणित. या माणसानं दहा वर्षं माझं डोकं खाल्लं. नालवाडीत पाऊस पडला असं मी एकदा म्हणाले, तर म्हणे, "मॅडम, तुमी पायला का आयकला?" ओला पदर पिळून दाखवला, तेव्हा कुठे गप्प बसले.

दोन हजार सालच्या आसपास शाळेत कॉम्प्युटर आले आणि सरांचा पारा चढला. आठवीची पोरं सायबर कॅफेतून इतिहासाचे प्रकल्प छापून आणायला लागली. चाळीस जणांचा एकच प्रकल्प, चुकांसकट! सरांनी तो गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. "मॅडम, हा तुमचा डबा कोनाले इचारून सांगून राह्यला?" कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे होती ना, मग जगातल्या सगळ्या वेबसाइटींची आई मीच! मनात म्हटलं, थांबा, एक दिवस सापडाल.

आणि सापडले.

स्टाफरूममध्ये गावातल्या सत्याग्रहींचा एक जुना फोटो होता. सात जण, आणि सातव्याच्या तोंडावर ओलीचा डाग. दरवर्षी सर तो आठवीच्या वर्गात न्यायचे, एकेक नाव सांगायचे आणि पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. सातवं नाव डोमाजी. हे डोमाजी म्हणजे आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या सगुणाबाईंचे वडील. त्या दिवशी सगुणाबाई आठवीसमोरचा व्हरांडा तासभर झाडत राहायच्या.

त्या वर्षी संमेलनासाठी शाळेच्या इतिहासाची सीडी करायची ठरलं. फोटोची स्वच्छ प्रत मिळेल का, म्हणून मी त्यातल्या एकाच्या पुण्यातल्या नातवाला ई-मेल केला. त्यानं घरातली प्रत स्कॅन करून पाठवली. डाग नाही, आणि मागच्या बाजूला शाईनं लिहिलेली सातही नावं. सातवा माणूस भलताच कुणीतरी होता. डोमाजी हे नाव कुठेच नव्हतं.

मी प्रिंट काढली आणि जवळजवळ नाचतच स्टाफरूममध्ये गेले. "घ्या सर, पुरावा!"

सरांनी कागद वाचला. तो टेबलावर पालथा ठेवला आणि माझा सगळा आनंद तिथंच जिरला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"डोमाजी बेचाळीसच्या आंदोलनात गेलता, परतलाच नाई. लोक म्हनत, पोटुशी बायको टाकून पळाला. सगुणाबाई नोकरीवर आल्या त्या पयल्या दिवशीच या फोटोसमोर उभ्या राह्यल्या. म्हने, याच्यात माहा बाप आहे का जी? बापाले कधी पायलंच नव्हतं तिनं. माह्या तोंडून 'आहे' निघून गेलं. डागामुळं निभलं."

संमेलन दुसऱ्याच दिवशी होतं. मी हळूच म्हटलं, "सर, मी जुना डागवालाच फोटो टाकते. कुणाला कळणार आहे?"

"नाई!" सर ओरडले. "भिंतीवर होतं तवर गोष्ट वर्गातच राह्यत होती. सीडी घरोघरी जाईन. खोटं मी छापू देनार नाई." मग एकदम खचून म्हणाले, "अन् तिले सांगाची माही हिंमत नाई."

संध्याकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून सर नालवाडीला सगुणाबाईंच्या घरी निघाले. एरवी मेले तरी बसले नसते. वाटभर "हळू चालवा, हळू" चाललं होतं, आणि मी विसाच्या वर गेलेच नव्हते. त्यांना पोचायचंच नव्हतं.

सगुणाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. सर उभ्या उभ्याच बोलले, "सगुणाबाई, म्या तुमाले खोटं सांगतलं. फोटोतला तो माणूस तुमचा बाप नाई."

हातातलं सूप थांबलं.

"मले माहीत हाये, सर," त्या म्हणाल्या. "माय जिवंत होती तवा तिले शाळेत आनून दाखवलता फोटो. ती म्हने, याच्यात तुहा बाप नाई."

सर मटकन बाजेवर बसले. मीच विचारलं, "मग दरवर्षी व्हरांड्यात का थांबत होतात हो तुम्ही?"

"घरात त्याचं नाव काढलं का माय रडे, काका मारे. अन् तुमच्या वर्गात पन्नास लेकरं एकदमच म्हनत, डोमाजी! तेवढं आयकाले येत होती, मॅडम."

भोयर सर रडले. चष्मा काढून, आमच्या दोघींच्या देखत, लहान पोरासारखे रडले. मलाही आवरलं नाही, आणि 'पुरावा' म्हणत नाचले होते त्याची भयंकर लाज वाटली.

सकाळी त्यांनी मला सीडीतल्या फोटोखाली सातही नावं बरोबर लिहायला लावली आणि खाली एक ओळ सांगितली: 'फोटोत नसलेले: डोमाजी. आंदोलनात गेले, परतले नाहीत. माहिती: मुलगी सगुणा.'

संमेलनात फोटो पडद्यावर आला. सर माइकवरून एकेक नाव घेत होते आणि पोरं मागून म्हणत होती. सात झाली. सरांनी ती खालची ओळ वाचायला घेतली, आणि 'फोटोत नसलेले' एवढं म्हणून त्यांचा आवाज गेला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सगुणाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चारचौघांत, मोठ्यानं म्हणाल्या, "डोमाजी."

पोरांनी ते नाव मागून म्हटलं. सर मंचावरून उतरले आणि सगुणाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.